फोंड्याच्या कुळागरातले फोल्डिंग दार: जागा, दिशा आणि पावळी

फोंडा तालुक्यातले हे घर चिऱ्यांचे, मंगळुरी कौलांचे. तोंड पूर्वेला, पुढे अंगण आणि तुळस. मागे पश्चिमेकडे उतरत गेलेले कुळागर: पोफळी, माड, त्यांवर चढलेल्या मिरवेली, मधूनमधून केळी. उत्तरेच्या अंगाला विहीर, धुण्याची धोण आणि एक जुने जायफळ. घरात सर (निवृत्त मुख्याध्यापक), काकी, मुलगा, सून आणि वॉकर घेऊन चालणारी सरांची आई. चवथीला मुंबई-पुण्याची मंडळी आली की जुन्या घरात पंगत मावत नाही, म्हणून मागे ५.१ मीटर बाय ३.९ मीटरची एक खोली वाढवायची ठरली आणि आराखड्याचे काम माझ्याकडे आले.

मागणी स्पष्ट होती. सरांची मुलगी इंग्लंडात स्विंडनला असते. तिथल्या शेजाऱ्यांनी घर मागे वाढवून बागेच्या बाजूची अख्खी भिंत काचेच्या घडीच्या दारांची केली होती आणि त्याचे फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. तसेच दार खोलीच्या पश्चिम भिंतीत हवे होते. रुंदी ३.६ मीटर, पाच पाने, आत-बाहेर एकसलग फरशी, उंबरठा नाही. मडगावच्या एका दुकानातून कोटेशनही आले होते. दार ठरले होते, खोली अजून कागदावरही नव्हती.

दार कुठल्या भिंतीत बसवायचे हे ठरल्याशिवाय पाने किती, अॅल्युमिनियम की लाकूड, काच कसली, यांतला एकही प्रश्न सुटत नाही. गोव्यात तर नाहीच. म्हणून कोटेशन बाजूला ठेवून आधी दिशेचे बोललो.

पश्चिम की उत्तर

स्विंडन ५१ अंशांच्या वर आहे. तिथे ऊन दुर्मिळ, आणि हिवाळ्यात ते दक्षिणेकडून अगदी खालून येते. तिथे मोठी काच लावताना चिंता असते ती घरातली ऊब बाहेर जाण्याची. तिथल्या माहितीपत्रकांत थर्मल ब्रेकवर (चौकटीच्या धातूतून उष्णता जाऊ नये म्हणून मध्ये घातलेल्या थरावर) पानेच्या पाने लिहिलेली असतात, ती त्यासाठी. आपण साडेपंधरा अंशांवर. मे ते ऑगस्टचा पहिला आठवडा दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो, पण थोडासाच. अगदी २१ जूनलाही तो माथ्यापासून जेमतेम आठ अंश कलतो. एवढे उभे ऊन साधी पडवीसुद्धा अडवते. त्रास देते ते दुपारी तीननंतरचे पश्चिमेचे ऊन. ते आडवे येते आणि कितीही लांब छज्जा काढला तरी त्याच्याखालून आत शिरते. एप्रिल-मे महिन्यांत ३.६ मीटर काचेतून ते आत आले, तर संध्याकाळी त्या खोलीत बसवणार नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणजे झड येते ती पश्चिम भिंतीवर. घडीच्या दाराला पानागणिक एक सांधा असतो, आणि प्रत्येक सांध्यावर रबराची पट्टी पाण्याशी चार महिने झुंजत असते. जुनी माणसे पश्चिमेला मोठी दारे काढत नसत आणि जिथे पडवी उघडी असे तिथे पावसाळ्यात माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत, ते उगाच नाही. आजी सगळे ऐकत बसल्या होत्या. त्यांनी एकच वाक्य टाकले, "पावस खंयच्यान येता तें पयलीं पळय." म्हणजे पाऊस कुठून येतो ते आधी बघ.

मी सुचवले की तेच ३.६ मीटरचे दार उत्तरेच्या भिंतीत घेऊ. ती भिंत ५.१ मीटरची. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर भरीव भिंत उरते, म्हणजे कपाट किंवा दिवा लावायलाही जागा. बाहेर १.८ मीटर खोल पडवी, कौलांची. समोर विहीर, जायफळ आणि पोफळींच्या रांगा.

सरांना ते लगेच पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पश्चिमेला जमीन उतरते, त्यामुळे पोफळींच्या शेंड्यांवरून पलीकडचा डोंगर दिसतो आणि संध्याकाळी तिकडे बघत चहा घ्यायचा हे त्यांचे निवृत्तीनंतरचे स्वप्न होते. "दार तिकडे नसेल तर खोली कशाला?" असे त्यांनी सरळ विचारले. दिशेचे गणित बरोबर म्हणून माणसाची ओढ खोडून काढायची नसते. पश्चिम भिंतीत १.२ मीटर रुंदीची खिडकी घेतली. तिची खालची कड जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे आतल्या बैठकीवर मांडी घालून बसले की नजर थेट डोंगरावर. वर पाऊण मीटरचा छज्जा, बाहेरून लाकडी लुव्हरच्या, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या झडपा. ऊन चढले की झडपा ओढायच्या, साडेपाचनंतर उघडायच्या. दुपारचा समुद्राकडचा वारा त्याच खिडकीतून येतो आणि उत्तरेच्या दारातून बाहेर पडतो. खोलीला वारा खेळता हवा असेल तर दोन भिंतींत तोंडे लागतात. एकाच भिंतीत कितीही मोठे दार काढले तरी हे साधत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. वाढीव बांधकामाला पंचायतीचा परवाना आणि नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता लागली. पडवीसुद्धा आराखड्यात दाखवावी लागते आणि हद्दीपासूनचे अंतर तिच्या खांबांपासूनही तपासले जाते. वडिलोपार्जित घर असल्याने जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर भावंडांची नावे होती, त्यांची ना-हरकत आधीच घेतली.

पाने किती आणि रोजचे दार कुठले

घडीचे दार निवडताना सगळे पूर्ण उघडलेल्या दाराचा फोटो बघतात. या घरात दार पूर्ण उघडणार चवथीला, एखाद्या बारशाला, नाताळच्या सुट्टीत मुले आली की. बाकी वर्षभर काकी सकाळी विहिरीकडे जाणार, सून कपडे वाळत घालायला पडवीत येणार, सर परड्यात जाणार. त्यासाठी रोज सगळी पाने सरकवायची का? म्हणून एक पान साध्या दारासारखे, बिजागरीवर स्वतंत्र उघडणारे हवे.

सगळी पाने एकाच बाजूला घडी होणार असतील तर विषम संख्या घ्यावी. मग शेवटचे पान मोकळे राहते आणि तेच येण्याजाण्याचे दार होते. दोन-दोन पाने दोन्ही बाजूंना घेतली तर कागदावर देखणी दिसतात, पण रोजचे दार उरत नाही. आम्ही तीन घडीची अधिक एक स्वतंत्र अशी चार पाने घेतली, प्रत्येक सुमारे ८७ सेंटिमीटर. एकटे पान पूर्वेच्या टोकाला, कारण जुन्या घराचे मागचे दार आणि स्वयंपाकघर त्या बाजूला आहे. काकींची वाट स्वयंपाकघर, रोजचे दार, विहीर अशी सरळ राहिली. उरलेली तीन पाने पश्चिम टोकाला घडी होतात. घडीची जाडी धरता मोकळी वाट साधारण सव्वातीन मीटर मिळते. ३.६ मीटरच्या भोकात ३.६ मीटर वाट कधीच मिळत नाही. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

पाने बाहेर उघडायची की आत? बाहेर. वारा आला की पान चौकटीवर दाबले जाते आणि रबर अधिक घट्ट बसते. आत उघडली असती तर ८७ सेंटिमीटरची घडी ३.९ मीटरच्या खोलीत घुसली असती आणि पंगतीची एक रांग गेली असती. पडवी १.८ मीटरची असल्याने घडीच्या पुढेही माणूस जाईल एवढी, ९० सेंटिमीटरच्या वर वाट राहते.

सरकत्या दाराचा पर्यायही नीट तपासला. ते स्वस्त पडते, पावसाला अधिक चांगले तोंड देते, आणि तीन रुळांचे घेतले तर एका रुळावर मच्छरदाणीचे पान सहज बसते. पश्चिमेलाच दार घ्यायचे असते तर मी सरकतेच घ्या म्हणालो असतो. उत्तरेला, खोल पडवीच्या आत, घडीच्या दाराला जीव मुठीत धरून जगावे लागत नाही, म्हणूनच ते इथे घेता आले.

वजन कुणाच्या डोक्यावर

पाने वरच्या रुळाला टांगायची की खालच्या रुळावर चालवायची, यावर इंजिनिअरशी बरीच चर्चा झाली. एक चौरस मीटर काच, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. आमच्या पानात सुमारे १.९ चौरस मीटर काच, जाडी ८ मिलिमीटर, म्हणजे ३८ किलो. चौकट धरून पन्नाशीच्या वर. टांगलेली तीन पाने म्हणजे दीडशे-एकशे साठ किलो, आणि दार उघडले की हे सगळे वजन सरकत जाऊन बीमच्या एका टोकाला गोळा होते.

खालच्या रुळावर चालवले तर बीमची काळजी मिटते. पण कुळागराशेजारी खालचा रूळ म्हणजे तांबडी माती, सुपारीची सोले, मुंग्या आणि साचलेले पाणी. तो रोज झाडावा लागला असता आणि रोज कोणी झाडत नाही. आम्ही वरून टांगली. खाली फक्त पानाला वाट दाखवणारी अरुंद खाच ठेवली.

त्याची किंमत बीममध्ये मोजली. साध्या भिंतीवरचा बीम ३.६ मीटरच्या गाळ्यात काही मिलिमीटर वाकला तर कुणाला कळतही नाही. टांगलेल्या दाराला तेवढ्यानेही पान खाली घासते. इंजिनिअरने बीम नेहमीपेक्षा खोल, ४० सेंटिमीटरचा घेतला. काँक्रीट ओतून सेंटरिंग काढल्यावरही बीम महिनोन्महिने हळूहळू बसत राहतो, आणि वर कौले चढली, ती पावसात भिजली की आणखी भार येतो. म्हणून छप्पर पूर्ण होऊन एक पावसाळा गेल्यावरच रूळ लावायचा असे ठरवले. दुकानदाराला हे आवडले नाही, कारण त्याला मिरगाआधी काम संपवून बिल करायचे होते.

चौकट पूर्णपणे नव्या बांधकामात बसवली. जुनी चिऱ्यांची भिंत आणि नवे खांब वेगवेगळ्या पायांवर आहेत, ते एकाच मापाने बसतील याची खात्री नाही. दोघांमध्ये सांधा सोडला आणि दाराचा एकही स्क्रू त्या सांध्याच्या पलीकडे जाऊ दिला नाही.

दाराविना एक पावसाळा

बीम फेब्रुवारीत झाला, कौले एप्रिलअखेर चढली आणि मिरगाला पहिला पाऊस आला तेव्हा खोलीला उत्तरेला फक्त भोक होते. निळी ताडपत्री आणि झाप लावून ते चार महिने काढले. काकींना त्याचा त्रास झाला हे मान्य, पण या प्रकरणातले सगळ्यात मोलाचे शिक्षण त्या काळातच मिळाले.

कागदावरचा हिशेब असा होता: पडवीच्या कौलांची खालची कड २.१ मीटरवर, दाराची रेषा तिथून १.८ मीटर आत. उभ्या रेषेपासून चाळीस अंश कललेला पाऊससुद्धा दाराच्या पायाशी येण्याआधी जमिनीला लागतो. प्रत्यक्षात काय होते ते बघायला मुलाने जुलैच्या झडीत दर मोठ्या सरीनंतर पडवीच्या कोब्यावर ओल कुठवर आली त्याची खडूने रेघ मारली. रेघा एकमेकींत मिसळून पडवीच्या कडेपासून सव्वा मीटरवर एक जाड पांढरा पट्टा तयार झाला. त्याच्या आत अर्धा मीटरभर जमीन कोरडी. हिशेब जुळला.

जुळला नाही तो पश्चिमेच्या टोकाला. तिथे रेघा तिरक्या होत थेट दाराच्या रेषेला जाऊन टेकल्या होत्या. पडवीचे पश्चिम टोक उघडे होते आणि पश्चिमेचा वारा पडवीतून लांबीने, बोगद्यातून यावा तसा वाहत होता. समोरून येणाऱ्या पावसाचाच विचार केल्याने नकाशात हा आडवा पाऊस दिसत नव्हता. उपाय सोपा होता, वेळेवर सुचला म्हणून सोपा. त्या टोकाला चिऱ्यांची, भोके ठेवून रचलेली जाळीची भिंत उभी केली. वारा चाळून येतो, झड अडते, आणि पानांची घडी नेमकी तिच्या आडोशाला उभी राहते.

आणखी एक गोष्ट खांबांनी दाखवली. पावळीचे, म्हणजे कौलांच्या कडेवरून गळणारे पाणी तांबड्या मातीवर पडून उसळत होते आणि पडवीच्या पांढऱ्या खांबांवर गुडघ्याच्या खाली, हातभर उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे उठले होते. वाऱ्याबरोबर ते बारीक चिखल होऊन आत येत होते. काचेच्या दाराचा खालचा भाग असाच माखला असता आणि खालच्या खाचेत तीच माती बसली असती. पावळीच्या रेषेखाली ६० सेंटिमीटर रुंदीचा खडीचा पट्टा घातला, त्याखाली व्हाळी (लहान चर) काढून पाणी विहिरीपासून दूर, खालच्या वाफ्यांकडे वळवले. दाराच्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा या खडीने दाराचे आयुष्य अधिक वाढवले, असे मी ठामपणे म्हणतो.

पश्चिमेची भिंत तेवढ्या काळात वरपासून खालपर्यंत भिजली होती आणि ऑगस्टपर्यंत तिच्यावर शेवाळाचा काळपट हिरवा थर चढला. सरांनी तो बघितला. दिशेबद्दल त्यानंतर बोलणे झाले नाही.

लाकूड, काच, जाळी, उंबरठा

सरांच्या घरी सागवानाचे जुने वासे होते, त्यांचे दार करावे अशी इच्छा होती. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते. दहा सेंटिमीटरची उभी पट्टी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर वाढली तरी चार पानांच्या आठ पट्ट्यांत मिळून आठ-दहा मिलिमीटर होतात. एकपानी दार अडकले तर मेस्त्री रंधा मारतो. घडीच्या दारात सगळ्या बिजागऱ्या एका रेषेत चालायला हव्यात, तिथे रंधा मारून भागत नाही. म्हणून दार पावडर कोटिंग केलेल्या अॅल्युमिनियमचे घेतले आणि सागवान खिडकीच्या झडपांना व आतल्या बैठकीला वापरले. थर्मल ब्रेकचे पैसे वाचवले. ही खोली वाऱ्यावर चालते, एसीवर नाही. बिजागऱ्या आणि चाके ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची. हेच घर मोरजी किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर असते तर खाऱ्या हवेसाठी ३१६ घ्यावे लागले असते.

काच ४ अधिक ४ मिलिमीटर लॅमिनेटेड. टफन्ड काच मजबूत असते, पण फुटली की अख्खी खाली येते. लॅमिनेटेड फुटली तरी मधल्या पापुद्र्याला धरून जागेवर राहते. कुळागरात माकडांच्या टोळ्या येतात, नारळ-सुपाऱ्या फेकतात, आणि मागची बाजू रात्री सामसूम असते. या दोन्हींना हे उत्तर बरे वाटले. काकींना लोखंडी ग्रिलही हवी होती. बहुबिंदू कुलूप (एकाच वेळी अनेक ठिकाणी अडकणारे) आणि पडवीतला दिवा यावर त्या तयार झाल्या.

डासांचे मात्र आधीच बघावे लागते, मागाहून जाळी नीट बसत नाही. पाने बाहेर उघडतात म्हणून जाळी आत. तीन पानांसाठी चुण्यांची सरकती जाळी, आणि रोजच्या पानासाठी आत उघडणारे वेगळे जाळीचे दार. सगळीकडे सरकती जाळी घेतली असती तर हातात कळशी घेऊन येणाऱ्या काकींना प्रत्येक वेळी दोन्ही हात लागले असते.

उंबरठ्याचा तिढा शेवटपर्यंत चालला. आजींच्या वॉकरला अडथळा नको. पण कुळागरातून बेडूक, विंचू आणि कधी सापही येतो, आणि जुन्या घरांतले उंच उंबरठे त्यासाठीही होते. शिवाय काकींना रांगोळी घालायला उंबरठा हवाच होता. २० मिलिमीटर उंचीची, दोन्ही अंगांनी उतरती केलेली कड ठेवली. वॉकरची चाके तिच्यावरून जातात. खाली दाट ब्रशची पट्टी आहे, तिच्यातून फट राहत नाही. कडेच्या बाहेर जाळीचे झाकण असलेली अरुंद नाली, आणि पडवीला बाहेरच्या बाजूला दर ८० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार. रांगोळी त्या कडेच्या आत, खोलीच्या फरशीवर काढतात.

दाराचे माप गिलावा आणि फरशी पूर्ण झाल्यावर, दोन्ही कर्ण मोजून घेतले. ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसानंतर पाने बसली. बीम त्या काळात किती बसला ते दोरी लावून बघितले होते, आणि रुळाच्या पट्ट्यांत तेवढी सोय ठेवता आली.

पुढच्या चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) जुन्या घरात, गणपतीसमोर, नेहमीच्या जागी बांधली आणि पंगत नव्या खोलीत व पडवीत मिळून बसली. दुपारी मोठी सर आली तेव्हा वाढणाऱ्या मुलांनी तीन पाने ओढून घेतली. रोजचे पान उघडेच होते आणि जेवण थांबले नाही.

देखभालीत दोन कामे आहेत आणि ती सुनेने आपल्याकडे घेतली आहेत. मिरगाच्या आधी खालच्या खाचेतली पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करायची आणि चाकांवर सिलिकॉनचा फवारा मारायचा. खोबरेल किंवा शिलाई मशिनचे तेल घालायचे नाही, त्याला माती चिकटते. एक तक्रार अजून उरली आहे: सुपारी सोलायच्या दिवसांत सोलांचे तंतू ब्रशच्या पट्टीत अडकतात आणि तीन पानांतले मधले पान जड सरकते. पट्टी काढून धुता येईल अशी स्क्रूची बसवून द्यायचे काम या उन्हाळ्यात करायचे आहे.